टीटी, टँक आणि बदली

परवा न्यू जर्सीहून भाचा आला. वय वर्षं १९. मराठी समजतं, बोलताना गाडी जरा अडखळते. आजोबांची, म्हणजे माझ्या बाबांची, मुंबई बघायची म्हणाला. कॉलेजसाठी त्यांच्यावर एक निबंध लिहितोय. म्हटलं चल, दादरहून टॅक्सीने गिरगावापर्यंत जाऊ. वाटेत मराठी शब्द समजावून सांगावे लागतील अशी माझी तयारी होती. घोळ झाला तो इंग्रजी शब्दांचा!

टॅक्सीवाल्याला "टीटीवरून घ्या" म्हटलं तिथूनच सुरुवात.

"मामा, टीटी म्हणजे?"

"ट्राम टर्मिनस."

"ट्राम कुठाय?"

आता काय सांगणार? मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला आली आणि विषय संपला. फंक्शन कधीच डिलीट झालंय, पण सगळं गाव अजून त्याच नावाने कॉल करतंय. आम्ही याला लेगसी कोड म्हणतो. असो.

परळला 'मिल' आली. आजोबा मिलमध्ये होते हे त्याला माहीत होतं, पण त्याच्या डोळ्यांसमोर होती पिठाची गिरणी. चूक त्याची नाही, आपणही दोन्हीला गिरणीच म्हणतो. पण १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून हळूहळू मुंबईत मिल म्हणजे कापडाचीच. मग 'जॉबर'. हा नोकरी शोधणारा नव्हे, नोकरी देणारा! खात्यात माणसं भरायची, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, हे जॉबरचं काम. त्याची मर्जी गेली की संपलं.

लालबागला त्याने फोनवर निबंध दाखवला. बाबांच्या जुन्या दाखल्यावर 'बदली वीव्हर' असं इंग्रजीत टाईप केलेलं आहे. ताईने त्याला बदली म्हणजे ट्रान्सफर असं शिकवलेलं, बँकेतल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्यामुळे निबंधात आजोबांची सारखी या गिरणीतून त्या गिरणीत ट्रान्सफर होत होती.

मी म्हटलं, अरे, ट्रान्सफर व्हायला आधी नोकरी लागते. बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता उभा राहणारा. बाबा रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायचे. काम मिळालं नाही तर तोच डबा घरी येऊन खायचे, तेही भिंतीकडे तोंड करून. हे मी पाहिलंय. त्यांना तसे दिवस काढावे लागले ते १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू होईपर्यंत. पुढे बदलीही नाही आणि गेटही नाही.

"पण मग इंग्रजीत काय लिहू? टेम्पररी?"

इथे मला कायदा आठवला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे लेऑफची कलमं आली, त्यांच्या इंग्रजी मजकुरातही 'बदली वर्कमन' अशीच व्याख्या होती. ज्याचं नाव हजेरीपटावर आहे अशा दुसऱ्याच्या जागी काम करणारा. मसुदा करणाऱ्यांनीही शब्द बदलला नाही.

"बदलीच लिही," म्हटलं.

तो फोनवर खोडत बसला. सी. पी. टँक आलं तेव्हा मान वर करून म्हणाला, "टँक कुठाय?"

टँक म्हणजे कावसजी पटेलांचा तलाव. तोही केव्हाच बुजवलाय.