डास खाण्यासाठी मासा कोणता?

२०२५च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने केंद्राकडे दोन चिमुकल्या माशांविषयी उत्तर मागितले. एक गॅम्बुसिया, दुसरा गप्पी. डासांच्या नियंत्रणासाठी तळ्यांत आणि विहिरींत सोडले जाणारे हे दोन्ही मासे परदेशी व आक्रमक असून स्थानिक जलजीवनाला घातक आहेत, असा आक्षेप होता. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचत मोठ्या झालेल्या वाचकाला हे ऐकून नवल वाटेल. पण डास खाण्यासाठी मासा कोणता निवडावा, हा प्रश्न भारतात शंभरहून अधिक वर्षे जुना आहे. आणि त्याची सुरुवात बरीच शहाणपणाची होती.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना अ‍ॅनोफिलीस डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीची वाढ दिसली. तेव्हापासून रुग्णाइतकेच साचलेले पाणीही वैद्यकाचा विषय झाले. मुंबईतील हिवतापाचे मूळ शहरातल्या विहिरी आणि टाक्यांत वाढणाऱ्या स्टेफेन्सी जातीच्या डासांत आहे, असे चार्ल्स बेंटली यांनी १९११च्या अहवालात दाखवले. विहिरी बुजवण्याचा वा झाकण्याचा उपाय पुढे आला, तेव्हा अनेक मालकांनी धार्मिक कारणे सांगून विरोध केला. पाण्यावर तेल ओतावे, तर ते पिण्याचे पाणी. अशा ठिकाणी मासा हाच बिनबोभाट उपाय होता.

पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने सेवेल आणि चौधरी यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा विषय होता डासांचा नाश करण्यात उपयुक्त ठरलेले भारतीय मासे. यातला ‘भारतीय’ हा शब्द महत्त्वाचा. बाहेरून काय आणावे याआधी आपल्या पाण्यात काय आहे, हे त्यांनी पाहिले. आपल्याकडचा पॅनचॅक्सच घ्या. डोक्यावर चमकता ठिपका, वर वळलेले तोंड, वावर नेहमी पृष्ठभागालगत. अ‍ॅनोफिलीसच्या अळीला श्वासनळी नसते, म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. म्हणजे नेमकी या माशाच्या तोंडासमोर.

तरीही बाजी मारली पाहुण्याने. गॅम्बुसिया मूळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला आणि मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा. १९०५ मध्ये तो हवाईत गेला, १९२१ मध्ये स्पेनमध्ये, तेथून इटलीत. आणि १९२८ मध्ये बी. ए. राव यांनी तो इटलीहून बंगळूरला आणला. (युरोपात पसरलेला मासा बहुतांशी होलब्रुकी ही त्याची जवळची भावकी, पण या दोन जाती स्वतंत्र मानल्या जायला १९८८ उजाडले.) त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. तो अंडी न घालता पिल्ले देतो, म्हणजे पिल्लू जन्मतःच पोहू लागते. कमी प्राणवायू, गढूळ पाणी, ऊन, सारे सोसतो. एखाद्या डब्यातून दूरवर नेता येतो. थोडक्यात, तो डब्यात टिकतो, खात्याला परवडतो आणि आपला आपण वाढतो. मात्र हे सारे गुण वाहतुकीचे आणि पैदाशीचे. तो आणखी काय खातो, ही चौकशी मागे पडली.

प्रवाळांचे मत्स्यालय सांभाळणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक असते. टाकीत चपटे कृमी वाढले की ते सहा रेघांचा रॅस मासा सोडतात; तो कृमी टिपतो, पण पुढे नव्याने आणलेल्या माशांच्या मागे लागतो. फरक एवढाच, की टाकीला काचेच्या भिंती असतात आणि मासा जाळीने काढता येतो.

तळ्यात गॅम्बुसिया काय करतो, हे १९७२ मध्ये ‘सायन्स’मधील एका प्रयोगाने दाखवले. मासा असलेल्या प्रायोगिक तळ्यांत त्याने सूक्ष्म प्राणिप्लवक फस्त केले. शैवाल खाणारे कोणी उरले नाही आणि पाणी हिरवेगर्द झाले. भारतात हीच गोष्ट उलट्या क्रमाने नैनितालच्या तलावात दिसली. तेथे गॅम्बुसियाचे अचानक सामूहिक मरण ओढवले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यानंतर प्राणिप्लवक वाढले, वनस्पतिप्लवक घटले आणि पाण्याची पारदर्शकता सुधारली. ज्या माशाला पाण्याचा राखणदार म्हणून आणले, तो मेल्यावर पाणी निवळले.

मधल्या काळात मासे विस्मरणात गेले होते. १९५३च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून डीडीटीचे राज्य होते; १९६०च्या दशकात रुग्ण वर्षाला १ लाखाच्या आसपास आले, पण १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. डास कीटकनाशकांना दाद देईनात, तेव्हा जैविक उपायांची आठवण झाली. १९८३ मध्ये गुजरातेतील खेडा जिल्ह्यात मलेरिया संशोधन केंद्राने व्ही. पी. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली पर्यावरणाधारित नियंत्रणाचा प्रकल्प सुरू केला, त्यात मासेही होते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ पासूनच गॅम्बुसियाची शिफारस थांबवली होती. गोव्यातील चाचणी, जी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, अधिक विचारपूर्वक होती. तिच्यात अ‍ॅप्लोचायलस ब्लॉकी हा पॅनचॅक्सच्याच कुळातला देशी मासा आणि अळीनाशक जिवाणू वापरून त्याच स्टेफेन्सी डासाचा पाठलाग केला गेला.

मग आजवरच्या खटाटोपाचे फलित काय? कॉक्रेनच्या २०१७च्या आढाव्यात अळ्या कमी होण्याचे काही पुरावे आढळले. माशांमुळे माणसांतला हिवताप घटतो हे दाखवणारा एकही विश्वासार्ह अभ्यास मात्र सापडला नाही. माशांवर इतकी वर्षे टाकलेल्या भरवशाच्या मानाने हा पुरावा फारच तोकडा आहे.

राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या आक्रमक परकी जातींच्या यादीत आज गॅम्बुसिया आणि गप्पी दोन्ही आहेत. बंदिस्त सिमेंटच्या टाकीतला गप्पी आणि मोकळ्या तळ्यातला गॅम्बुसिया यांना एकाच तागडीत तोलणे योग्य नाही, हे खरे. पण पहिल्या मुसळधार पावसात टाकी भरून वाहू लागते, आणि तेथून ओढा फार दूर नसतो.