कट आणि चायना ग्रास

मार्शमॅलो हे मुळात एका झुडपाचे नाव. दलदलीच्या जागी वाढणारे हे झुडूप भेंडीच्या कुळातले. युनानी वैद्यकात ते ‘खतमी’ म्हणून ठाऊक आहे. त्याच्या मुळांतला बुळबुळीत रस एकोणिसाव्या शतकात फ्रेंच मिठाईवाले साखर आणि अंड्यातला पांढरा भाग यांबरोबर घुसळत. पुढे मुळांची जागा जिलेटिनने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या द्रव्याने घेतली. नाव तेवढे राहिले. तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या स्वयंपाकघरात आज कोणी प्राणिज घटक टाळून मार्शमॅलो केले, तर त्याला नक्कल म्हणणे आम्हांस पटत नाही.

जिलेटिनऐवजी तेथे येतो तो समुद्री शेवाळापासून काढलेला अगार, म्हणजेच आपल्याकडचे चायना ग्रास. (ते गवत नव्हेच.) गाई-म्हशीचा चीक मिळाला नाही, तर दुधात चायना ग्रास घालून खरवस करण्याची युक्ती मराठी घरांना परकी नाही. याच द्रव्याने सूक्ष्मजीवशास्त्राची मोठी अडचण सोडवली, ती मात्र स्वयंपाकघरातूनच. 1881 साली जर्मनीत वाल्टर हेसे जिलेटिनवर जंतू वाढवू पाहत होते. उन्हाळ्यात जिलेटिन वितळे. काही जंतू तर ते पचवूनच टाकत. त्यांच्या पत्नी फॅनी यांच्या जेली मात्र उन्हाळ्यातही घट्ट राहत, कारण त्या अगार वापरत. जावात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते ठाऊक झाले होते. त्यांनी पतीला तेच सुचवले. 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांच्या क्षयजंतूवरील निबंधात अगारचा उल्लेख आला, हेसे दाम्पत्याचा आला नाही.

पिंपरीला हा इतिहास दूरचा नाही. 1954 मध्ये येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि 1955 पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे तेथेच थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. गावाचे नाव असे शास्त्रीय लॅटिनात गेले. असे जीव प्रयोगशाळेत वाढवायचे, तर बशीत बहुधा अगारच असतो.

राहिला फेस. 2014 मध्ये फ्रान्सच्या जोएल रोसेल यांनी कडधान्य शिजवलेल्या पाण्याचा अंड्यासारखा फेस होतो हे दाखवले. 2015 मध्ये अमेरिकेत गूस वोल्ट यांनी त्याला ‘ॲक्वाफाबा’ असे नाव दिले. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून काढलेल्या पाण्याला आपल्याकडे कट म्हणतात, आणि तो टाकून न देता त्याची आमटी करतात. कटाचा कोणी मार्शमॅलो केला नव्हता, हे खरे. आमटीचा शोध कोणी लावला हेही कोणी लिहून ठेवलेले नाही.

या कामासाठी काबुली हरभऱ्याचे आटवलेले पाणी अधिक बरे. ते घट्ट फेस येईस्तोवर घुसळावे, अगार पाण्यात चांगला उकळून त्यातच साखरेचा पाक करावा आणि तो कढत असतानाच बारीक धारेने फेसात सोडावा. येथे रेंगाळून चालत नाही: अगार चाळीस अंशांच्या आसपास थिजू लागतो आणि गुठळ्या होतात. एकदा थिजला, की पंचाऐंशी अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. चाकणच्या मे महिन्यातही वड्या आकार धरून राहतात. मात्र जिलेटिनचा ताण त्यांत नसतो. त्या ओढल्या तर लांबत नाहीत, तुटतात. जिभेला खरवसाची आठवण अधिक होते.