फुलझाडांच्या वाफ्यांची दगडी कड

देवाला वाहावयाचे फूल देवळाच्या आवारातच उमलावे, म्हणून भाविक तेथे जास्वंद, कण्हेर, मोगरा लावीत आले आहेत. त्या वाफ्यांभोवतीच्या दगडी कडेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः या साध्या कामामागे खानदेशची जुनी समज उभी आहे.

बोदवड परिसरातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सिमेंटात जोडलेली सलग कड त्या ओढाताणीत तडकते. सुटे रचलेले दगड जमिनीबरोबर थोडे हलतात व पुन्हा बसतात. बिनचुन्याच्या बांधणीचे मोठे नमुने दूर नाहीत. तापी-पूर्णा संगमाजवळचे चांगदेवाचे मंदिर पाहावे, किंवा साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मंदिरे पाहावीत. लोक या बांधणीला हेमाडपंती म्हणतात. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. अंबरनाथचे शिवमंदिर तर १०६० सालचे, म्हणजे पद्धत त्याच्याही आधीची. देवळाचा घडीव चिरा कोठे आणि वाफ्याचा डबर कोठे! तरी दगडाने स्वतःच्या वजनावर बसावे, हे तत्त्व एकच.

त्यासाठी वीतभर चर खणून तळाशी मुरूम ठोकतात. दगडाची रुंद बाजू खाली ठेवून त्याचा तिसरा हिस्सा मातीत पुरतात, माथा किंचित वाफ्याकडे कलता ठेवतात आणि फटीत चिपा मारतात. दरजा भरीत नाहीत, कारण जास्तीचे पाणी तेथूनच निघते. नदीचा गोल गोटा दिसतो छान, पण घरंगळतो.

१८६० च्या दशकात भुसावळहून नागपूरकडे लोहमार्ग गेला. पुढे रेल्वे स्टेशनांच्या बागांतून चुना व गेरू लावलेल्या दगडांच्या ओळी दिसू लागल्या. शाळांच्या अंगणांतही तीच तऱ्हा रुळली.

जीर्णोद्धारात निघालेले जुने दगड कडेला वापरणे ही काटकसर योग्यच. मात्र आधी प्रत्येक दगड उलटून, धुऊन पाहावा. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखामुळेच भास्कराचार्यांची वंशावळ व त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव (योगी चांगदेव नव्हेत) याने स्थापिलेला मठ जगाला कळला. तो दगड कोणी झेंडूच्या वाफ्याला लावला असता तर? अक्षरे, मूर्ती वा वीरगळ असलेला दगड ओट्यावर सुरक्षित ठेवून पुरातत्त्व खात्यास कळवावे. शंभर वर्षांहून जुन्या अशा कोरीव वस्तूंना १९७२ च्या कायद्याचे संरक्षणही आहे. साधा डबर तेवढा बागेकडे न्यावा.

कामाला आखाजीनंतरचे दिवस बरे. मृगाच्या पहिल्या पावसानंतर काही दगड खचतील. तेवढे उचलून, खाली मुरूम घालून, चिपा पुन्हा ठोकाव्या.