अर्बुद-परिसर

अर्बुद-परिसर : कर्करोगाच्या गाठीत कर्कपेशींभोवती असणाऱ्या रक्तवाहिन्या, तंतुजनक पेशी, रोगप्रतिकारक पेशी, कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे जाळे आणि पेशींतून स्रवणारी रसायने यांचा समुच्चय. गाठ किती फोफावेल आणि औषध कितपत लागू पडेल, हे बऱ्याच अंशी या परिसरावर ठरते.

वर्धा जिल्ह्यात याचे जवळचे उदाहरण म्हणजे तोंडाचा कर्करोग. जिल्ह्यातील कर्करुग्णांची लोकसंख्याधारित नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) होते. विदर्भात सर्रास खाल्ल्या जाणाऱ्या खर्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन साचते आणि तोंड उघडणे कठीण होते. सबम्युकस फायब्रोसिस नावाच्या या विकाराचे काही रुग्णांत पुढे कर्करोगात रूपांतर होते. कर्करोग होण्याआधीच ऊतींचा परिसर बदललेला असतो, तो असा.

रोगप्रतिकारक पेशींवरील परिणाम : गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या असल्याने ऑक्सिजन कमी पोहोचतो. कर्कपेशी ग्लुकोज मोठ्या प्रमाणात वापरतात आणि लॅक्टिक आम्ल साचते. अशा ठिकाणी टी पेशी (कर्कपेशींवर हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) क्षीण होतात. कर्कपेशींवरील पीडी-एल१ हे प्रथिन टी पेशींवरील पीडी-१ ग्राहीला जोडले गेले, की टी पेशींचा हल्ला थांबतो. हल्ल्याला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी आणि टीजीएफ-बीटा हे संकेतप्रथिन टी पेशींवरील हा दबाव वाढवतात. अनेक महाभक्षी पेशीही गाठीच्या वाढीस पोषक बनतात.

उपचारांवरील परिणाम : दाट कोलॅजन व सदोष रक्तपुरवठा यांमुळे औषध गाठीत खोलवर पोहोचत नाही. ऑक्सिजन कमी असलेल्या भागात किरणोपचाराचा परिणाम घटतो. पीडी-१ रोखणारी औषधे टी पेशींवरील अडसर दूर करतात. रोगप्रतिकारक पेशींवरील असे अडसर दूर करून कर्करोगावर उपचार करण्याच्या मूलभूत संशोधनासाठी जेम्स ॲलिसन व तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. ही औषधे अतिशय महाग असतात. त्यामुळे कमी मात्रा उपयोगी पडते का, हे पाहण्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व अर्लोटिनिब यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब हे पीडी-१ रोखणारे औषध दिल्यावर एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्या टी पेशींत बदल करून त्या कर्कपेशींवर हल्ला करण्यास परत दिल्या जातात) २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. घन गाठींत अशा पेशींना आत शिरणे व टिकून राहणे अवघड जाते, त्यामुळे परिसर बदलणारे आणि टी पेशींना बळ देणारे उपचार एकत्र देण्यावर संशोधन चालू आहे.