आहार आणि मनःस्वास्थ्य : उदासी, विस्मरण आणि बी-१२

"आता वय झालं, असं व्हायचंच." आपल्या घरांतून हे वाक्य नेहमी ऐकू येते. आजोबा पूर्वीसारखे बोलत नाहीत, आजी गॅसवर दूध ठेवून विसरते, कुणाला सारखा थकवा आणि चिडचिड. दर वेळी कारण वयच असते असे नाही. काही वेळा ते ताटात असते आणि साध्या रक्ततपासणीत सापडते. म्हणून या लेखात आम्ही बी-१२ या एकाच जीवनसत्त्वाची माहिती देत आहोत.

होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थिरावलेल्या आपल्या समाजाने वरण-भात आणि पुरणपोळी जपली, सकाळचे पोहे-जिलेबी आणि माळव्याचे दाल-बाफलेही आपलेसे केले. त्यात अनेक घरे शाकाहारी. शिवाय गुरुवार, एकादशी, चातुर्मास आहेतच. या आहारात चांगले पुष्कळ आहे. बी-१२ मात्र त्यात सहज कमी पडते.

बी-१२ मनाशी कसे जोडलेले आहे?

हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात. वनस्पती करत नाहीत. ते दूध, दही, पनीर, अंडी, मासे आणि मांस यांतून आपल्याला मिळते. मज्जातंतूंवरचे आवरण टिकवणे, रक्तपेशी तयार करणे आणि मेंदूतील रासायनिक क्रिया सुरळीत चालवणे यांसाठी ते लागते. कमतरता वाढली की हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, थकवा, उदासी, चिडचिड, विस्मरण अशी लक्षणे दिसू शकतात. वेळीच उपचार झाले तर यांतील बरीच लक्षणे कमी होतात. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो, त्यामुळे कमतरता हळूहळू येते आणि लक्षातही उशिरा येते.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले, आणि शाकाहारींमध्ये हा धोका चौपटीहून अधिक होता. प्रमाण कमी असलेला प्रत्येक जण आजारी असतो असे नाही, पण हा प्रश्न किती घरांतला आहे हे यावरून कळते.

कुणी विशेष लक्ष द्यावे?

• साठीपुढच्या व्यक्तींनी. वयानुसार पोटातील आम्ल कमी होते आणि अन्नातले बी-१२ नीट शोषले जात नाही.
• मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी रोजची गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांनी. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.
• दूधही न घेणाऱ्या शाकाहारींनी.
• गर्भवती व स्तनदा मातांनी.

ताटात काय असावे?

प्रौढ व्यक्तीला रोज सुमारे २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागते. मोठ्या पेलाभर (२५० मिलि) दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम मिळते. म्हणजे दिवसभरात दोन पेले दूध किंवा तेवढेच दही पोटात जायला हवे. चहातल्या दुधाने हे भागत नाही, आणि पातळ ताकात दही थोडेच असते. अंडी चालत असतील तर एका अंड्यातून सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम मिळते. मोड आलेली कडधान्ये आणि इडली-ढोकळा पौष्टिक आहेत, पण बी-१२ साठी त्यांच्यावर विसंबू नये. उपवासाच्या दिवशी नुसती साबुदाणा खिचडी आणि चहा यांऐवजी सोबत वाटीभर दही व पेलाभर दूध घ्यावे. व्रतही मोडत नाही.

कमतरता निघालीच तर केवळ आहाराने ती लवकर भरत नाही. गोळी की इंजेक्शन हे डॉक्टर ठरवतील. तपासणी न करता नुसते फोलिक ॲसिड घेत राहू नये. त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आत चालू राहू शकते.

आहाराने उदासी जाते का?

ऑस्ट्रेलियात नैराश्य असलेल्या ६७ जणांवर १२ आठवडे एक प्रयोग झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. भाज्या, फळे, डाळी, अख्खी धान्ये, सुकामेवा, मासे वाढवून गोड व तळलेले कमी केलेल्या गटात सुमारे एक तृतीयांश लोकांचे नैराश्य ओसरले. नुसत्या गप्पागोष्टींची सोबत मिळालेल्या गटात सुमारे ८ टक्के लोकांचे. प्रयोग लहान होता, आणि त्यातील बहुतेकांचे इतर उपचारही चालू होते. म्हणून आहार हा उपचारांचा सोबती आहे, पर्याय नाही, असेच आम्ही म्हणू.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक बिघडली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वाट पाहू नये. डॉक्टरांकडे जावे. १४४१६ या 'टेली-मानस'च्या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतूनही.

घरात कुणी गप्प झाले असेल, विसरू लागले असेल, तर "वय झालं" म्हणण्याआधी एकदा बी-१२ ची तपासणी करून घ्यावी, ही आमची सर्व कुटुंबांना विनंती.