शिवणारे हात आणि 'आमचा' वारसा

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा ह्या इटालियन कंपनीने कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या. कोल्हापूरचे नाव घेतले नाही, नुसते चामड्याचे सँडल म्हटले. 'आमचा वारसा चोरला' अशी आपल्याकडे ओरड झाली. ओरड योग्यच होती. पण मी अडखळलो तो 'आमचा' ह्या शब्दाशी.

गावगाड्यात मेलेले जनावर ओढायचे महाराने. कातडे बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमवायचे ढोराने. चांभाराने ते रापीने कापायचे, आरीने टोचून चामड्याच्याच वादीने शिवायचे. वेणी बहुधा घरातली बाई घाली. वहाणा, मोट पुरवल्यावर सुगीत बलुते मिळे. त्याचे माप देणाऱ्याच्या हाती. ह्यांनी शिवलेल्या मोटेचे पाणी मळ्याला चाले, ह्यांनी शिवलेले पाणी घराला चालत नसे. मराठीत शिवणे एकच, अर्थ दोन; गावाने एक राबवून घेतला आणि दुसऱ्याचा विटाळ मानला. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण काही वहाणेसाठी झालेली नाही.

बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हटले, तेव्हा कातडे, शिंगे, हाडे यांच्या उत्पन्नाला मुकाल असा हिशेब सवर्णांनी मांडला. एवढा नफा आहे तर तो तुम्हीच का घेत नाही, असे बाबासाहेबांनी उलट विचारले. दुसऱ्याच्या धंद्याची थोरवी त्याला ऐकवणारी ही जाहिरातच होती, फक्त तेव्हा तिला चित्रे नव्हती.

पंप आले, मोट गेली, बलुतेही गेले. चप्पल बाजारात उरली. १९७४ मध्ये राज्याचे चर्मोद्योग महामंडळ निघाले. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळाले. भूगोल नोंदला गेला. चपलेवर जात छापा असे मी म्हणणार नाही, ते तर मागे जाणे होईल. पण जाहिरात जात पुसते ती समतेसाठी नव्हे, गिऱ्हाइकाला कातड्याचा वास येऊ नये म्हणून. तिला सुरकुतलेले हात हवे असतात, 'पिढ्यान्‌पिढ्यांची कला' हवी असते. पिढ्यान्‌पिढ्या तेच का करावे लागले, हे विचारले की चित्र बिघडते. आणि कारागिराचा मुलगा शिकून नोकरीला लागला तर 'कला लोप पावते आहे' म्हणून हळहळणारा गृहस्थ आपल्या मुलाला रापी धरायला कधी बसवत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार केला. २००० जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरो. किंमत ठळक छापून आली. मी वेणीची मजुरी शोधत बसलो.