शब्द आधी कोणत्या भाषेत परत येतो? निजामाच्या शाळेतली उर्दू, घरातली मराठी आणि स्ट्रोक

स्ट्रोकनंतर बोलणं बिघडलेली सगळीच माणसं मुकी होत नाहीत. अनेकांचं वाक्य सुरू होतं, बरं चालतं आणि नेमकं नामापाशी येऊन अडतं. "तो दे ना... तो... पाणी प्यायचा..." तांब्या समोर दिसतोय, त्याचं काय करतात ते माहीत आहे, कुणी "तांब्या का?" असं विचारलं की मान लगेच हलते. फक्त शब्द हाती लागत नाही. स्ट्रोकमुळे भाषेवर जो परिणाम होतो त्याला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. त्यातल्या या शब्द न सापडण्याला अ‍ॅनोमिया म्हणतात. स्ट्रोकच्या सुरुवातीच्या दिवसांत साधारण एक तृतीयांश रुग्णांना कमीअधिक अफेझिया असतो, आणि अफेझिया कुठल्याही प्रकारचा असला तरी शब्द न सापडण्याची तक्रार त्यात असतेच.

आता तुम्हाला एक प्रश्न विचारते. समजा, या माणसाला दोन भाषा येतात. थेरपी कोणत्या भाषेत करायची? "मातृभाषेत, अजून काय!" असं उत्तर चटकन येतं. या उत्तरामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा वाद आहे, आणि मराठवाड्यात तर हे उत्तर फार लवकर अडचणीत येतं.

आधी थोडं मागे जाऊ. लकवा आणि वाचा यांचा संबंध आपल्याकडे जुना आहे. चरकसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात शरीराची एक बाजू, उजवी किंवा डावी, निकामी होण्याचं वर्णन आहे आणि त्यासोबत 'वाक्स्तंभ' हे लक्षणही दिलेलं आहे. पण कोणती बाजू गेली की वाचा जाते, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये झाला. १८६१ मध्ये पॉल ब्रोका यांनी लेबोर्न्य नावाच्या रुग्णाचा मेंदू तपासला. हा माणूस अनेक वर्षं "तां" एवढाच आवाज काढू शकत होता. १८६५ पर्यंत ब्रोका डाव्या अर्धगोलाचं नाव स्पष्टपणे घेऊ लागले होते. ही गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते, म्हणून इथे लांबवत नाही. आपल्या कामाची माणसं नंतरची आहेत.

१८८१ मध्ये तेओद्यूल रिबो यांचं स्मृतीच्या आजारांवरचं पुस्तक आलं. स्मृती जाते तेव्हा नवी आधी जाते आणि जुनी टिकते, हा त्यांचा नियम. भाषेला तो लावला की अर्थ होतो, लहानपणी शिकलेली भाषा सगळ्यांत चिवट, म्हणून आधी तीच परत येणार. १८९५ मध्ये बोर्दोचे डॉक्टर आल्बेर पित्र यांनी बहुभाषिकांच्या अफेझियावर सविस्तर निबंध लिहिला आणि वेगळंच सांगितलं. त्यांच्या मते आधी परत येते ती स्ट्रोकच्या वेळी सर्वांत जास्त वापरात असलेली, सरावाची भाषा. ती बऱ्याचदा मातृभाषाच असते, पण असलीच पाहिजे असं नाही. प्रत्येक भाषेचा मेंदूत वेगळा कप्पा असतो हेही पित्र यांना मान्य नव्हतं. भाषा पुसली गेलेली नसते, ती काही काळ दबलेली असते, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे याच पित्र यांनी तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, शब्द न आठवण्याच्या अफेझियावर स्वतंत्र लेखमाला लिहिली. म्हणजे अ‍ॅनोमिया आणि बहुभाषिकता या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. पुढे त्या वेगळ्या विभागांत गेल्या, आणि माझ्या मते त्याचं नुकसान आपण अजून भोगतोय.

१९२०च्या दशकात झ्युरिकच्या मिंकोव्स्की यांनी या वादात तिसरी गोष्ट आणली. त्यांच्या एका रुग्णाची मातृभाषा स्विस जर्मन, घरात बायकोशी बोलणंही त्याच भाषेत. स्ट्रोकनंतर मात्र आधी फ्रेंच परत आली. तरुणपणी तो फ्रान्समध्ये राहिला होता आणि तिथल्या एका स्त्रीवर त्याचं प्रेम होतं, या भावनिक धाग्याने मिंकोव्स्की यांनी त्याचा अर्थ लावला. अर्थ पटो न पटो, रिबो आणि पित्र दोघांच्याही नियमात हा माणूस बसत नाही हे खरं.

आता मराठवाड्याकडे या. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. आपल्या शहराचा यातला वाटा लहान नाही. वली दखनी याच गावचा. मौलवी अब्दुल हक अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचं काम १९३८ मध्ये दिल्लीला जाईपर्यंत औरंगाबादेतूनच चालवत होते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झालं. त्यानंतर शाळा आणि कचेऱ्या हळूहळू बदलल्या, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये इथे विद्यापीठ सुरू झालं.

या तारखा स्ट्रोकच्या वयाशी जुळवून पाहा. १९३० च्या आसपास जन्मलेला मुलगा घरी मराठी बोलणार, शाळेत वरच्या वर्गांत उर्दूतून शिकणार, नोकरी लागलीच तर पहिला अर्ज उर्दूत लिहिणार. पंचविशीनंतर त्याचं सगळं सरकारी जग मराठी होणार. हा माणूस पासष्टीचा झाला ते १९९५ साल. म्हणजे १९८० आणि ९० च्या दशकांत घाटीत किंवा खाजगी दवाखान्यांत लकव्याने आलेल्या कितीतरी माणसांचा भाषिक इतिहास असा होता. जमिनीच्या व्यवहाराचे, कोर्टाचे शब्द एका भाषेतले आणि स्वयंपाकघराचे, देवघराचे दुसऱ्या. रिबोप्रमाणे पाहिलं तर मराठी आधी. पित्रप्रमाणे पाहिलं तरी मराठीच, कारण शेवटची चाळीस वर्षं तीच वापरात होती. पण पाढे उर्दूत घोकले असतील तर? सही उर्दूत असेल तर? शब्द अडला की थेरपिस्ट कधी कधी पहिलं अक्षर लिहून दाखवतात. ते कोणत्या लिपीतलं? आणि जुन्या पेढीवर हिशेब लिहिलेला कुणी असेल, तर मोडीसुद्धा विसरू नका.

'कोणती भाषा आधी' याचं सरळ उत्तर नाही हे मॉन्ट्रियलच्या मिशेल पारादी यांनी दाखवलं. छापून आलेली प्रकरणं गोळा करून २००१ मध्ये त्यांनी १३२ रुग्णांची वर्गवारी दिली. त्यातल्या सुमारे ६१ टक्के रुग्णांत सगळ्या भाषा साधारण बरोबरीने सुधारल्या होत्या. १८ टक्क्यांत एक भाषा दुसरीपेक्षा बरीच जास्त सावरली. बाकी विचित्र नमुने थोडे. त्यातही हे छापून आलेले रुग्ण आहेत. ज्याच्या दोन्ही भाषा सरळपणे बरोबर सुधारल्या त्याच्यावर कोण शोधनिबंध लिहितो? त्यामुळे प्रत्यक्षात बरोबरीने सुधारणारे ६१ टक्क्यांहून जास्तच असावेत. दुसऱ्या टोकाला पारादी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेली मोरोक्कोतली एक नन आहे. तिला स्ट्रोक नव्हता, अपघातात डोक्याला मार लागला होता. एखाद्या दिवशी तिला अरबी शब्द सापडत पण फ्रेंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी उलट. शब्द पुसले गेले असते तर असं होऊ शकलं नसतं. पित्र यांचं 'दबलेली भाषा' हे म्हणणं इथे खरं वाटायला लागतं.

वर्गवारीत साधारण ९ टक्क्यांचा एक गट आहे, भाषा एकमेकींत मिसळणाऱ्यांचा. इथे मला थांबावंसं वाटतं. १९८४ मध्ये एलन पेरेकमन यांनी भाषांची सरमिसळ हे अफेझियाचं लक्षण म्हणून मांडलं. पुढच्याच वर्षी फ्रांस्वा ग्रोजाँ यांनी आक्षेप घेतला. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाशी बोलताना निरोगी द्विभाषिकही मिसळूनच बोलतात, मग आधी तो पूर्वी कसा बोलायचा ते विचारा. आता शहागंजात उभं राहून कान द्या. दखनीतलं 'नक्को' मराठीच्या 'नको'वरून आलंय. जोर देण्यासाठी शब्दाला जोडलेला 'च' सुद्धा दखनीने मराठीकडून घेतलाय. मग रुग्ण "नक्को" म्हणाला तर ती कोणती भाषा? बाहेरून आलेल्या तपासनिसाने त्याच्या कागदावर 'सरमिसळ' असा शेरा मारला, तर त्याने आजार नोंदवला की गाव?

चाचण्यांतही हाच प्रकार. शब्द सापडतात का हे पाहण्यासाठी जगभर वापरली जाणारी बोस्टन नेमिंग टेस्ट १९८३ ची आहे. ६० रेखाचित्रं, सोप्याकडून अवघडाकडे. त्यात बीव्हर आहे, इग्लू आहे, प्रेट्झेल आहे. आपल्याकडचा साठीतला शेतकरी प्रेट्झेलपाशी अडला तर त्यात मेंदूचा काय दोष! अगदी शेवटाकडे, अवघड चित्रांच्या रांगेत, बैलांच्या मानेवरचं जू आहे. अमेरिकेतल्या माणसाला ते क्वचित दिसतं म्हणून ते तिथे. सिल्लोड किंवा पैठणकडच्या माणसाला ते लहानपणापासून रोज दिसलेलं. हा फरक वरवरचा नाही. शब्द किती वेळा कानावर पडतो आणि कोणत्या वयात शिकलाय, यावर तो किती लवकर सापडेल हे ठरतं. म्हणून चित्रांची यादी नुसती भाषांतरित करून चालत नाही, क्रमच नव्याने लावावा लागतो.

मग थेरपी करते काय? शब्दापर्यंत पोचायला ढोबळमानाने दोन टप्पे असतात. आधी अर्थावरून शब्द निवडला जातो, मग त्याचा ध्वनी हाती येतो. अडकण्याची जागा यातली कुठलीही असू शकते. पहिला ध्वनी दिला, "तां...", की अनेकांना शब्द लगेच येतो, पण हा परिणाम सहसा लवकर विरतो. १९८५ मध्ये डेव्हिड हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अर्थाशी खेळायला लावलं, म्हणजे चार चित्रांतून नेमकं चित्र निवडायला लावलं, तर एकदा केलेल्या सरावाचा परिणाम दिवसभर टिकू शकतो. १९९५ पासून मेरी बॉइल आणि कार्ल कोएल्यो यांच्या कामामुळे रुळलेल्या पद्धतीत चित्राभोवती प्रश्न विचारले जातात. हे कशाच्या जातीचं? कशासाठी वापरतात? कुठे ठेवतात? दिसायला कसं? घरच्यांनाही हे करता येतं, फक्त "सांगा ना, सांगा ना" असा तगादा नको.

मराठीत आणखी एक सोय आहे. सुरुवातीचं वाक्य पुन्हा वाचा, "तो... पाणी प्यायचा". शब्द सापडला नाही, पण लिंग सापडलं. १९९५ मध्ये इटालियन बोलणाऱ्या एका रुग्णाबद्दल नेमकं हेच प्रसिद्ध झालं. नाम सांगता यायचं नाही, पण त्याचं लिंग मात्र तो बिनचूक सांगायचा. मराठीत तर तीन लिंगं. 'तो', 'ती', 'ते' यातलं रुग्ण काय म्हणतो हे ऐकून लिहून ठेवलं, तर तो शब्दाच्या किती जवळ पोचलाय याचा अंदाज येऊ शकतो. मराठी रुग्णांवर हे शिस्तीत मोजायला हवं.

पुन्हा भाषेच्या निवडीकडे. २००६ मध्ये लिसा एडमंड्स आणि स्वाती किरण यांनी स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणाऱ्या तीन रुग्णांवर काम केलं. ज्यांची इंग्रजी जास्त पक्की होती त्यांना कच्च्या भाषेत, स्पॅनिशमध्ये, सराव दिला तर फायदा इंग्रजीतही झिरपला. पक्क्या भाषेत दिला तर तो कच्च्या भाषेत गेला नाही. तीनच माणसं होती, तेव्हा यावरून नियम करू नका. तरी "मातृभाषेत, अजून काय!" या उत्तराला तडा जायला एवढं पुरे.

दुसरा मार्ग समान शब्दांचा. कॅथ्रिन कोनर्ट यांच्या २००४ च्या अभ्यासात दोन्ही भाषांत सारखे असलेले शब्द शिकवल्यावरच सुधारणा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेली. मराठी आणि उर्दू यांच्यात असे शब्द किती! दुकान, कागद-कागज, साबण-साबुन, कुलूप-कुफ्ल. तांब्या आणि लोटा मात्र वेगळे. 'खाली' तर फसवाच, मराठीत तो खालच्या बाजूला आणि उर्दूत रिकामा. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, ते राज्यकारभारासाठी योग्यच असेल. थेरपीच्या खोलीत मात्र 'अर्ज' आणि 'वकील' हे दोन्ही भाषांना जोडणारे शब्द मला सोन्याच्या मोलाचे वाटतात.

निजामाच्या राजधानीतूनच, हैदराबादच्या निम्स रुग्णालयातून, २०१६ मध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. स्ट्रोक झालेले ६०८ रुग्ण. त्यातल्या द्विभाषिकांपैकी ४०.५ टक्के जणांची बौद्धिक क्षमता नंतर सामान्य राहिली, एकभाषिकांत हे प्रमाण १९.६ टक्के. बातम्यांत एवढंच आलं. पण अफेझियाचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. दोन भाषा आल्या म्हणून शब्द वाचतीलच असं नाही.

उर्दूतून शिकलेली ती पिढी आता फार उरलेली नाही. तिच्या जागी घरी दखनी आणि बाजारात मराठी बोलणारे, घरी मराठी आणि कंपनीत हिंदी बोलणारे रुग्ण आहेत. पारादी यांच्या द्विभाषिक अफेझिया चाचणीचा पहिला भाग म्हणजे चित्रं नाहीत, भाषेच्या इतिहासाविषयी ५० प्रश्न आहेत. तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर थेरपिस्टकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या. शाळा कोणत्या भाषेतली, सही कोणत्या लिपीत, पैसे मनात कोणत्या भाषेत मोजतात, नातवंडांशी काय बोलतात, प्रार्थना किंवा नमाज कोणत्या भाषेत, रागावले की कोणती भाषा तोंडात येते. आणि आजारपणाआधी मिसळून बोलायचे का, तेही.